सालोमीची हजेरी

मी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुमच्यापैकी निम्मे लोक "ताई, जरा डॉक्टरांना दाखवा" म्हणणार आहेत... म्हणा. दीड वर्षापूर्वी कुणी मला असलं काही ऐकवलं असतं, तर मीही तेच म्हटलं असतं आणि वर हसलेही असते. आमच्या घरात भुताखेतांचा विषय निघाला की वडील सरळ उठून बाहेर जायचे. प्रार्थना करणाऱ्या माणसानं असल्या गोष्टींना घाबरायचं म्हणजे त्यांना अपमान वाटायचा. मी त्यांच्यावरच गेलेय. शिवाय हे सगळं भरदिवसा, सकाळी साडेदहा-अकराच्या उन्हात घडलेलं आहे. अंधार, पाऊस, वीज गेलेली — यातलं काहीच नव्हतं.

धाराशिवहून तेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव लागतं. नाव लिहीत नाही, कारण ज्या मुलीबद्दल सांगतेय ती अजून तिथंच राहते, आणि तिचं नावही मी बदललं आहे. गावात आमची ख्रिस्ती घरं अठरा. एसटी थांबते तिथून उजवीकडं वळलं की आधी शेखचाचांचं सुतारकामाचं दुकान, त्याला लागून आमचं चर्च. दगडी भिंती, वर पत्रे, समोर मोकळं अंगण आणि अंगणात एक जुना लिंब. लिंबापासून चर्चच्या दारापर्यंत चाळीस पावलं होतात. मी नंतर कितीतरी वेळा मोजली आहेत.

दरवर्षी मे महिन्यात आम्ही मुलांसाठी आठ दिवसांचं बायबल शिबिर घेतो. सकाळी आठ ते दुपारी एक. गाणी, गोष्टी, खेळ, चित्रं, मध्ये नाश्ता आणि शेवटच्या रविवारी सगळ्या मंडळीपुढं समारोप. शिबिर म्हणजे मीच. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, प्रार्थनेला येतात, बाकी ढोलकीपासून रंगपेट्यांपर्यंत सगळं माझ्या गळ्यात. त्या वर्षी सत्तावीस मुलं होती. त्यात शेखचाचांची नात सनासुद्धा, कारण आमच्याकडं खेळ चालू झाले की ती कुंपणावरून उडी मारून येतेच. चाचा म्हणायचे, "घरात बसून माझं डोकं खाण्यापरीस तुमच्याकडं गोष्टी ऐकलेल्या बऱ्या."

आता एक गोष्ट कबूल करते, कारण ती चूक माझी होती.

आमच्या चर्चमध्ये समोर जे उंच व्यासपीठ आहे, त्याच्या खाली बाप्तिस्म्याचा हौद आहे. म्हणजे तेव्हा होता. सिमेंटचा, साधारण साडेचार फूट खोल. कुणाला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यायचा असला की वरच्या फळ्या काढायच्या, पाणी भरायचं, एरवी फळ्या लावून वर हिरवी चटई. वर्षातले अकरा महिने तो कोरडाच असायचा. आणि मे महिन्यात आमच्याकडं पाण्याचं काय असतं ते काही वेगळं सांगायला नको. टँकर आला तर आला. सत्तावीस मुलांना हातपाय धुवायला, प्यायला पाणी आणायचं कुठून? मला वाटलं, एवढा मोठा हौद रिकामा पडलाय, टँकर आला की तोच भरून घेऊ! पाळकसाहेब जरा कुरकुरले, पवित्र कामाची जागा आहे म्हणाले. मी म्हटलं, तहानलेल्या लेकराला पाणी पाजणं हे काय अपवित्र काम आहे? मग ते तयार झाले. माझ्याशी वाद घालायचा म्हणजे तास गेला, हे त्यांना माहीत आहे.

तर हौद काठोकाठ भरला. रोज पहाटे पाळकसाहेब आणि शेखचाचा मधली एक फळी उचलायचे, बाहेरचे दोन ड्रम भरायचे आणि फळी परत बसवायचे. फळ्या चाचांनीच केलेल्या, बाभळीच्या, जाडजूड. एक फळी उचलायला दोन पुरुष लागायचे. म्हणून मुलांची भीती नव्हती. मी स्वतः त्यावर उड्या मारून पाहिलं होतं.

आता सालोमी. वय आठ. तिची आई, सुनंदावहिनी, अंगणवाडीत मदतनीस आहे. सालोमी हुशार होती, चित्रं तर इतकी सुंदर काढायची... पण बोलताना अडखळायची. साधंसुधं नाही, पहिलं अक्षरच तिच्या घशात अडकून बसायचं. मान ताणली जायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग कधीतरी शब्द सुटायचा. तोवर बाकीची पोरं खिदळायला लागलेली असायची. तिच्या चुलत्यांच्या घरात तिला सरळ 'मुकी' म्हणायचे.

पहिल्या दिवशी वहिनी तिला सोडायला आल्या तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, समारोपाला एकदा तरी पोरीनं सगळ्यांपुढं वचन म्हनावं. एका दमात न्हाय म्हनलं तरी चालंल. पर म्हनावं. माजं देवाकडं दुसरं कायबी मागनं न्हाय."

मी म्हटलं, "म्हणेल की. तुम्ही काळजी करू नका."

आमच्याकडं शिबिरात हजेरीला मुलं 'हजर' म्हणत नाहीत. प्रत्येकाला पहिल्या दिवशी बायबलमधलं एक वचन दिलेलं असतं. नाव पुकारलं की आपलं वचन म्हणायचं, हीच हजेरी. माझ्या लहानपणापासूनची पद्धत आहे. आठ दिवस रोज दोनदा म्हटलं की आपोआप पाठ होतं. दोनदा अशासाठी की नाश्त्याच्या सुट्टीत पोरं घरी पळतात, मग सुट्टीनंतर पुन्हा एकदा हजेरी. पहिल्या दिवशी सालोमीचं नाव आलं आणि ती "प... प... प..." करत अडकली, तशी पोरं फिस्सकन हसली. ती मटकन खाली बसली. मला इतका राग आला! दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला: हजेरी डोळे मिटून द्यायची. कुणी कुणाकडं बघायचं नाही, कुणी हसायचं नाही. पोरांचे डोळे मिटलेले, माझे वहीत. आणि खरंच, सालोमीनं दुसऱ्या दिवशी पूर्ण वचन म्हटलं. एक-दीड मिनिट लागलं, पण म्हटलं. मला माझंच कौतुक वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी नोहाची गोष्ट होती, महापुरात प्राण्यांच्या जोड्या आपल्या तारवात, म्हणजे मोठ्या जहाजात, घेऊन वाचवणाऱ्या नोहाची. गोष्टीनंतर चर्चच्या आतच आम्ही तारवाचा खेळ घेतला. जमिनीवर मोठं जाजम, तेच तारू. मी ढोलकी वाजवायची, मुलांनी गोल पळायचं, ढोलकी थांबली की एकमेकांचा हात धरून जोडीजोडीनं जाजमावर चढायचं. सत्तावीस मुलं, म्हणजे एक जण उरणारच. जो उरेल तो नोहा. पहिल्या दोन्ही वेळा सालोमीच उरली. पोरं किती निर्दय असतात ते शिक्षकांना विचारा. तिनं हात पुढं केला की हळूच दुसरीकडं वळायची.

तिसऱ्यांदा मी ढोलकी थांबवली. धावाधाव, आरडाओरडा, आणि सगळी पोरं जाजमावर.

कुणीच उरलं नव्हतं.

मी म्हटलं, कुणीतरी तिघं मिळून चढले असतील. बोटानं दाखवत जोड्या मोजल्या. तेरा. प्रत्येक जोडीत दोघं, हात हातात. आणि जाजमाच्या टोकाला, व्यासपीठाच्या बाजूला सालोमी. तिचा उजवा हात जरा बाजूला, खांद्याच्या खाली, बोटं वळलेली... आपण लहान मुलाचा हात धरतो ना, तशी. आणि ती हसत होती. तीन दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"सालोमी, तू राहिलीस ना? मग तू नोहा."

"न... न... न्हाय ताई. म... माजी जोडी हाय."

"कुठंय?"

"ही का... काय." आणि तिनं शेजारी पाहिलं.

शेजारी कुणी नव्हतं. पण मला खटकलं ते वेगळंच. जाजमावर पोरांची नुसती दाटी झाली होती, एकमेकांच्या पायांवर पाय देत होती, आणि तिच्या उजव्या बाजूला मात्र एका मुलाइतकी जागा मोकळी होती. कुणीही तिथं सरकत नव्हतं. सना जवळच उभी होती. मी तिला विचारलं, "सालोमी कुणाबरोबर आली गं?"

"दोघी पळत आल्या की ताई," ती म्हणाली.

"दोघी कोण?"

सनानं तोंड उघडलं, तिकडं पाहिलं, आणि गोंधळली. "ही... आन्..." पुढं तिला काही सांगता येईना.

मी जाऊन सालोमीचा हात धरला. उजवा. तो मनगटापर्यंत ओला होता आणि गार. मे महिना, वर पत्रे तापलेले, आम्ही सगळे घामानं निथळतोय, आणि तो हात गारठलेला. डावा हात पाहिला तर तो कोरडा, कोमट, धुळीनं माखलेला.

मी घाबरले का? नाही. तेव्हा नाही. मी मनात म्हटलं, ड्रमच्या तोटीखाली हात धुतला असेल. एकलकोंड्या मुलांना अशी कल्पनेतली मैत्रीण असते, हे मी बी.एड.ला शिकले होते, आणि तेच ज्ञान दुपारी सुनंदावहिनींपुढंही पाजळलं. त्या बिचाऱ्या एवढंच म्हणाल्या, "चला, कुनीतरी मैतरीन मिळाली म्हनायची."

चौथा दिवस. साडेदहाला नाश्त्याची सुट्टी झाली. पोहे होते. अकराला पाच कमी असताना मी घंटा वाजवली, सगळे लिंबाखाली सतरंजीवर बसले. चर्चच्या दाराला मी कडी लावलेली होती, हे मला पक्कं आठवतं. सगळ्यांनी डोळे मिटले. मी वही उघडली आणि नावं पुकारायला सुरुवात केली.

सालोमीचं नाव अठरावं. मी म्हटलं, "सालोमी." आणि पेन धरून थांबले. तिला वेळ लागायचा, म्हणून थांबायची सवयच झाली होती.

पण थांबावं लागलं नाही. पूर्ण वचन, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एका दमात आलं. कुठं अडलं नाही, कुठं चाचरलं नाही. आवाज मुलीचा, जरा घोगरा, प्रत्येक शब्द सुटा सुटा. समोरून, तिच्या जागेवरून.

माझ्या अंगावर काटा आला... आनंदानं! मला आधी सुनंदावहिनींचा चेहरा आठवला. मी वहीतून मान वर न करताच मोठ्यानं म्हणाले, "शाब्बास सालोमी!" आणि तिच्या नावापुढं खूण केली. मग पुढची नऊ नावं घेतली. त्यातल्या दोघांनी वचन विसरल्यामुळं पुन्हा पुन्हा म्हटलं. एकाला शिंका येत होत्या. असं करत पाच-सहा मिनिटं तरी गेली असतील. शेवटी लहानशी प्रार्थना झाली आणि मी म्हटलं, "डोळे उघडा. सालोमी, पुढं ये. आज पहिला स्टार तुला."

कुणी उठलं नाही.

ती रोज तिसऱ्या ओळीत बसायची. तिसऱ्या ओळीत तिच्या जागेवर कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंची पोरं ती जागा सोडून, जरा अंग चोरून बसली होती.

"सालोमी कुठं गेली?"

"आत्ता तर हुती की ताई," तिच्या मागे बसलेली मुलगी म्हणाली. "माज्या फुडंच म्हनली वचन."

मी सतरंजीच्या कडेला पाहिलं. पोह्यांच्या सगळ्या प्लेटा रिकाम्या होऊन एकावर एक रचलेल्या होत्या. एक तेवढी भरलेली, तशीच. पोहे वाळून गेले होते. म्हणजे सुट्टीत ती खायला आलीच नव्हती...

मला पुढचं नीट क्रमानं सांगता येईल की नाही, माहीत नाही. मी चर्चकडं पाहिलं. दाराची कडी निघालेली होती. उंबऱ्याशी तिच्या चपला होत्या, निळ्या पट्ट्यांच्या, नीट शेजारी शेजारी काढलेल्या. मी पळाले. चाळीस पावलं, पण ती संपेनात. आत गेले. व्यासपीठावरची हिरवी चटई गुंडाळून बाजूला ठेवलेली. मधली फळी, ती दोन पुरुषांना उचलावी लागणारी फळी, उचलून भिंतीला उभी टेकवलेली. आणि हौदात, अगदी पृष्ठभागाशी, तिचा पिवळा फ्रॉक.

मी तशीच उडी मारली. पाणी माझ्या छातीपर्यंत आलं. मी तिला काखेत धरून वर ओढलं, तर ती येईना. हे मी फार थोड्या लोकांना सांगितलंय. आठ वर्षांची मुलगी, वीस किलोसुद्धा नसेल, आणि मला ती उचलवेना. तिचा उजवा हात सरळ खाली ताणलेला होता. मी ओरडायला लागले. देवाचं नाव घेतलं, आईचं नाव घेतलं, काय काय ओरडले मला आठवत नाही. शेखचाचा हातात रंधा तसाच धरून धावत आले. त्यांनी रंधा फेकला, काठावर पालथे झोपले आणि तिचा डावा हात धरला. आम्ही दोघांनी मिळून हिसका दिला तेव्हा एकदम सुटल्यासारखी ती वर आली.

तिला खाली निजवलं. ओठ काळे पडले होते. दहावीच्या मुलींना मी प्रथमोपचार शिकवते, बाहुलीवर करून दाखवते. त्या दिवशी खऱ्या मुलीवर केला. छाती दाबायची, श्वास द्यायचा, पुन्हा छाती दाबायची... चाचा शेजारी बसून "या अल्ला, बच्ची को बचा ले, बच्ची को बचा ले" एवढंच म्हणत होते. दारात सव्वीस पोरं उभी होती आणि एकही रडत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती खोकली. भडाभडा पाणी बाहेर आलं. मी तिथंच भिंतीला डोकं टेकून रडले.

चाचांच्या टेम्पोतून धाराशिवला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, "पाण्यात किती वेळ होती?" मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही, दहा-पंधरा मिनिटं तरी असेल. ते म्हणाले, "शक्य नाही. एवढा वेळ असती तर तुम्ही तिला इथं आणलीच नसती. दोन मिनिटं. फार तर तीन."

तर मग बाकीचा वेळ ती कुठं होती? मी यावर खूप विचार केला आहे, कारण मला अजूनही साधं उत्तर हवंय. समजा, वचन तिनंच म्हटलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे वहीत. ती अनवाणी... नाही, चपला घालून उठली, हळूच चर्चमध्ये गेली. चला, मान्य. पण फळी? ती फळी कुणी उचलली? पाळकसाहेब तेव्हा तुळजापूरला एका अंत्यविधीला गेले होते. चाचा दुकानात होते, त्यांच्या पुढ्यात गिऱ्हाईक होतं. आणि वचन जर तिनं म्हटलं नसेल, तर मी शाब्बास कुणाला म्हटलं? एक मूल समोर नसताना मी त्याची हजेरी लावली. कुणीतरी तिच्या नावाला ओ दिली म्हणून आम्ही तिला शोधायला उठलो नाही. 

गावातल्या लोकांनी लगेच गोष्टी जोडल्या. कुणी म्हणे, फार पूर्वी तिथं एक मुलगी बुडून मेली. मी चर्चची सगळी जुनी दप्तरं वाचून काढली. असं काही नाही. हौद तर माझ्या डोळ्यांदेखत, मी कॉलेजात असताना बांधलेला. त्याआधी तिथं निव्वळ मुरमाड जमीन होती. कुणीही मेलेलं नाही. मेलं असतं तर मला बरं वाटलं असतं, इतकं मी म्हणेन. निदान काहीतरी धागा तरी सापडला असता.

शिबिर अर्थातच बंद केलं. हौद पाळकसाहेबांनी आठवड्याच्या आत मुरूम टाकून बुजवला आणि वर पक्की फरशी केली. मी त्यांना थांबवलं नाही. उलट लवकर करा म्हणून मागं लागले.

आता खरी गोष्ट सांगते. जी मी घरीसुद्धा कुणाला सांगितलेली नाही.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सालोमी शुद्धीवर आली. मी आणि वहिनी उशाशी होतो. तिनं डोळे उघडले, आईकडं पाहिलं आणि म्हणाली, "आई, मला पाणी दे."

कुठंही न अडखळता.

वहिनींच्या हातातला पेला खाली पडला. "बोल... आजून बोल, माजे बाय," असं म्हणत त्या तिचं तोंड कुरवाळायला लागल्या. ती बोलली. पाहिजे तेवढं बोलली. मोठ्या धक्क्यानंतर असं होऊ शकतं, डॉक्टर म्हणाले. होत असेल. महिन्याभरानं रविवारच्या उपासनेत सुनंदावहिनी तिला पुढं घेऊन उभ्या राहिल्या आणि देवानं आपल्या लेकीची जीभ मोकळी केली अशी साक्ष दिली. अख्खी मंडळी रडत होती. मग सालोमीनं तिचं वचन म्हटलं. एका दमात.

मी दुसऱ्या बाकावर होते. तो आवाज मी ओळखला. जरा घोगरा, प्रत्येक शब्द सुटा सुटा. लिंबाखाली ज्याला मी शाब्बास म्हटलं होतं, तोच. ती म्हणताना माझ्याकडंच बघत होती आणि तिच्या डोळ्यांत मला ओळखल्याचं काही दिसेना.

तुम्ही म्हणाल, आवाज तिचाच असणार, मुलगीही तीच, तुमचं डोकं भीतीनं फिरलंय. मीही रोज स्वतःला हेच म्हणते. तिच्या आईला तिच्यात काही वावगं वाटत नाही, आणि आईपेक्षा जास्त कुणाला कळणार? ती शाळेत जाते, सगळ्यांत मिसळते, आता पोरं स्वतःहून तिचा हात धरतात. चित्रं मात्र काढत नाही. माझं विज्ञान इथं थांबतं. प्रार्थनाही करून पाहिली, तिथंही मला काही सापडलं नाही.

परवाच्या रविवारी उपासना संपल्यावर सुनंदावहिनी दारात भेटल्या. हसतमुख होत्या. म्हणाल्या, "सलाम ताई. या वर्षी शिबिर घ्या की! लोक काय बी म्हनू द्या. माज्या पोरीचं तर तुमच्या शिबिरानंच सोनं झालं."

मी म्हटलं, "बघू. कशी आहे सालोमी?"

"लई छान. दिवसभर नुसती टकळी चालू आसती. पर ताई, एक गंमत सांगू का? झोपंत अजून बी अडखळती बगा. पयल्यासारकीच."

मला त्या दारातून निघून जायचं होतं. तरी मी विचारलं, "काय म्हणते झोपेत?"

"तुमालाच हाका मारती," वहिनी हसत म्हणाल्या. "आवाज बी कसा लांबून आल्यागत. 'ता... ता... ताई, म... मी हितं हाय,' म्हनती."

मी त्यांना म्हटलं, स्वप्न पडत असेल, लहान आहे. त्या हो म्हणाल्या, अंगणात पोरांत खेळणाऱ्या लेकीला हाक मारली आणि तिचा हात धरून घरी गेल्या. मी पुन्हा आत गेले. त्या नव्या फरशीवर गुडघे टेकून, कान लावून किती वेळ बसले होते सांगता येणार नाही. काही ऐकू आलं नाही. तरीही मी तिचं नाव घेऊन हाक मारली. आणि मग मला इतकी भीती वाटली की उत्तराची वाट न बघता मी तिथून पळून आले.